मुंबई उपनगरांतील प्रकाश प्रदूषण

मुंबई उपनगरांतील प्रकाश प्रदूषण म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्यातील रस्ते, गृहसंकुले, जाहिरात फलक, क्रीडांगणे आणि बांधकामाच्या जागा यांवरील कृत्रिम प्रकाश गरज नसलेल्या जागी, गरज नसलेल्या वेळी किंवा गरजेपेक्षा अधिक पसरल्यामुळे रात्रीच्या नैसर्गिक अंधारात होणारा बिघाड होय. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर ही दाट वस्तीची उपनगरे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आरे, पवई, विहार व तुळशी हे तलाव आणि ठाणे खाडी यांच्या भोवती किंवा जवळ वसलेली आहेत. त्यामुळे येथील प्रकाशाचा प्रश्न केवळ तारे न दिसण्यापुरता मर्यादित राहत नाही. याच उपनगरांतील अनेक कुटुंबांचे दुसरे घर पवना, मुळशी, भंडारदरा किंवा वैतरणा यांसारख्या जलाशयांच्या काठी असते. शहरातील प्रकाशयोजनेच्या सवयी तेथेही पोहोचल्या असल्याने या लेखात त्या बंगल्यांचाही विचार केला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

मुंबई उपनगर जिल्हा १९९० मध्ये मुंबई शहर जिल्ह्यापासून वेगळा झाला. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तीन तालुके असून मुलुंड आणि घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतात. जिल्ह्याच्या उत्तर व मध्य भागात, ठाणे जिल्ह्यातही पसरलेले, सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला मुलुंड व भांडुप आणि दक्षिणेला आरे, पवई अशी वस्ती त्याला बिलगून उभी आहे. जगात इतक्या दाट लोकवस्तीला लागून बिबट्यांचा अधिवास असलेली अरण्ये फार थोडी आहेत.

विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधले गेले. ते उद्यानाच्या हद्दीत असून सर्वसामान्यांना तेथे मुक्त प्रवेश नाही. पवई तलाव १८९१ च्या सुमारास बांधला गेला, परंतु त्याचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले. हे तिन्ही तलाव एकमेकांपासून थोड्याच अंतरावर असले तरी त्यांची रात्र सारखी नाही. तुळशीभोवती जंगल आहे. पवईच्या काठावर मात्र भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा परिसर (स्थापना १९५८), उंच निवासी इमारती, हॉटेले आणि जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता आहे. तरीही तुळशीचा अंधार पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही. शहराच्या प्रकाशाने उजळणाऱ्या आकाशाला कुंपण घालता येत नाही, आणि पावसाळ्यात खाली उतरलेले ढग तो प्रकाश जंगलावर परत फेकतात.

उपनगरांतील दिव्यांचा विस्तार

उपनगरांना वीज पुरवण्यासाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ मध्ये स्थापन झाली. ही वीजव्यवस्था पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानी इलेक्ट्रिसिटीकडे गेली. मुलुंड व भांडुप भागात महावितरण वीजपुरवठा करते, तर बेस्टचे कार्यक्षेत्र मुख्यत्वे शहर जिल्ह्यापुरते आहे. ही विभागणी येथे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. रस्त्यावरचा एखादा दिवा खोलीत झोत टाकत असेल, तर तक्रार कोणाकडे करायची हे रहिवाशाला आधी ठरवावे लागते. आणि तो दिवा एखाद्या सोसायटीच्या आवारातला असेल, तर तक्रारीचा मार्गच बदलतो.

सोडियमच्या पिवळ्या दिव्यांची जागा एलईडी दिव्यांनी घेतली, तेव्हा मुंबईत त्यावर जाहीर वाद झाला तो २०१५ मध्ये, मरीन ड्राइव्हवर. तेथील पांढऱ्या दिव्यांमुळे 'राणीचा हार' फिका पडला, असा आक्षेप घेतला गेला आणि पुढे पिवळसर छटा परत आणली गेली. हा वाद सौंदर्याचा होता. उपनगरांत तोच बदल फारशी चर्चा न होता घडला. परंतु पांढऱ्या एलईडीमध्ये निळ्या तरंगलांबीचा अंश अधिक असतो. निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो, आकाश अधिक उजळवतो आणि बहुतेक कीटकांना अधिक आकर्षित करतो. एलईडी कमी विजेत अधिक प्रकाश देत असल्याने बचत झालेल्या विजेवर आणखी दिवे लावण्याचा मोहही होतो. जगभरच्या नागरिकांनी केलेल्या ताऱ्यांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार २०११ ते २०२२ या काळात आकाशाची उजळता वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढली. उपग्रहांच्या मोजणीत ही वाढ इतकी दिसत नाही, याचे एक कारण म्हणजे त्यांची उपकरणे निळ्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी असतात.

रस्त्यांखेरीज उपनगरांतील प्रकाशाचे इतर स्रोतही लक्षणीय आहेत. इमारतींच्या दर्शनी भागांवरील रोषणाई, कुंपणाच्या खांबांवरील पांढरे काचेचे गोळे, सुरक्षेच्या नावाखाली गच्चीवरून तिरपे लावलेले 'हॅलोजन' (आता बहुधा एलईडी, पण नाव तेच राहिले आहे), पुनर्विकासाच्या जागांवरील फ्लडलाइट आणि अंकीय जाहिरात फलक हे त्यांपैकी प्रमुख. काचेचा गोळा हा यांतला सर्वांत निरुपयोगी दिवा म्हणावा लागेल. त्याचा जवळपास अर्धा प्रकाश वर आकाशाकडे जातो आणि पायाखालची फरशी मात्र अंधुक राहते.

तलाव आणि अंधार

जमिनीवरच्या दिव्याचा परिणाम त्याच्या खांबाभोवती सर्वाधिक असतो. पाण्याकाठी तसे होत नाही. तलावावर झाडे किंवा भिंती आड येत नसल्याने काठावरचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावरून दूरवर जातो, आणि त्याचे प्रतिबिंब दुसऱ्या काठावरही चमकते. पौर्णिमेच्या चांदण्यात जमिनीवर पडणारा प्रकाश साधारण ०.१ ते ०.३ लक्स असतो. साध्या रस्त्यावरच्या दिव्याखाली तो १० लक्स किंवा त्याहून अधिक भरतो. जलचरांची रात्र ही चांदण्याच्या मोजमापाने घडलेली आहे.

गोड्या पाण्यातील सूक्ष्म प्राणी, विशेषतः डॅफ्निया म्हणजे पाणपिसवा, दिवसा माशांपासून बचावण्यासाठी खोल पाण्यात राहतात आणि रात्री वर येऊन शेवाळ खातात. अमेरिकेत बॉस्टन शहराजवळच्या एका तलावात २००० च्या सुमारास केलेल्या प्रयोगात शहरी प्रकाशाखाली हे प्राणी कमी संख्येने आणि कमी उंचीपर्यंत वर येतात, असे आढळले. वर येणारे प्राणी घटले की शेवाळ खाणारेही घटतात. पवई तलावाच्या बाबतीत हा निष्कर्ष सांभाळून वापरावा लागतो, कारण तेथील जलपर्णी आणि दूषित पाण्याचे मुख्य कारण सांडपाणी आहे. दिवे विझवून सांडपाण्याचा प्रश्न सुटणार नाही. तथापि आधीच पोषक द्रव्यांनी भरलेल्या तलावात शेवाळ खाणाऱ्या जीवांवर आणखी एक ताण येणे हिताचे नाही.

पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो. अनेक जलकीटक त्याच खुणेने पाणी ओळखतात आणि तेथे अंडी घालतात. काळी चकचकीत फरशी, काच किंवा दिव्याखालचे ओले डांबर त्यांना पाण्यासारखे भासते व अंडी कोरड्यावर पडून नष्ट होतात. काठावरच्या दिव्याभोवती कीटक गोळा झाले की पाली, बेडूक आणि काही वटवाघळे तेथे जमतात. त्यांना आयते अन्न मिळते, परंतु पाण्यावरचा व झाडीतला तेवढा आहार कमी होतो. प्रकाश टाळणाऱ्या वटवाघळांच्या जातींना तर तो भागच सोडावा लागतो.

पवई तलावात मगरींचे वास्तव्य आहे. तलावाच्या कडेने सायकल व चालण्याचा मार्ग बांधण्याचा मुंबई महानगरपालिकेचा प्रकल्प मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी बेकायदेशीर ठरवला आणि झालेले काम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. निकालाचा आधार पाणथळ जागांच्या संरक्षणाचे नियम हा होता. प्रकाश हा त्यातील मुख्य मुद्दा नव्हता, पण तलावाच्या काठावर पक्का मार्ग आला असता, तर त्यासोबत दिव्यांची रांग येणे जवळजवळ अटळ होते.

पूर्व उपनगरांच्या बाजूला ठाणे खाडी आहे. तिचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगो) अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. स्थलांतर करणारे अनेक पक्षी रात्री उडतात, आणि झगमगाटामुळे त्यांची दिशा चुकण्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. मे २०२४ मध्ये घाटकोपर येथे तीसहून अधिक रोहित पक्षी मृत्युमुखी पडले, ते मात्र प्रवासी विमानाची धडक बसल्यामुळे. ही घटना प्रकाश प्रदूषणाच्या खात्यावर मांडणे योग्य नाही.

उद्यान व आरेच्या परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर काजवे दिसतात. नर व मादी एकमेकांना प्रकाशाच्या उघडझापीने ओळखत असल्यामुळे जवळचा स्थिर प्रकाश त्यांच्या मीलनात थेट अडथळा आणतो. इतर कीटक दिव्याकडे ओढले जातात, काजवा दिव्यापुढे दिसेनासा होतो.

बिबट्या, पाडे आणि दिव्यांची मागणी

अंधार राखण्याच्या भूमिकेला उपनगरांत सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. आरेमध्ये २०२१ व २०२२ मध्ये बिबट्यांचे माणसांवर हल्ले झाले. आरेतील पाड्यांवर राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांना शौचालयापर्यंत किंवा बसथांब्यापर्यंत अंधारातून जावे लागते. यांपैकी काही पाड्यांना शेजारच्या टॉवरांवर रोषणाई झगमगत असतानाही दीर्घकाळ वीज मिळाली नव्हती. अशा ठिकाणी दिवा मागणे म्हणजे प्रकाश प्रदूषण वाढवणे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

वन विभागाच्या सूचनांत रात्री एकट्याने न फिरणे, लहान मुलांना एकटे न सोडणे, हातात विजेरी बाळगणे आणि परिसरातील कचरा हटवणे यांचा समावेश असतो. कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' या २०११ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमानेही याच साखळीकडे लक्ष वेधले. दिव्याचे काम माणसाला पायवाट दिसावी एवढे आहे. त्यासाठी शौचालयाच्या दारावर व पायवाटेवर खाली तोंड केलेले, झाकणाचे, कमी उंचीचे दिवे पुरेसे ठरतात. जंगलाकडे तोंड करून लावलेला प्रखर झोत उलट घातक ठरू शकतो, कारण त्याच्या कडेला पडणाऱ्या गडद सावलीत काय आहे ते दिपलेल्या डोळ्यांना दिसत नाही. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी (१९७७) याच जंगलाला लागून आहे. तेथील चित्रीकरणस्थळी लोकांचा वावर असतानाही बिबट्या शिरल्याच्या घटना घडल्या आहेत.

कायदेशीर स्थिती

भारतात प्रकाश प्रदूषणासाठी स्वतंत्र कायदा नाही. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ मध्ये 'पर्यावरणीय प्रदूषक' याची व्याख्या घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थ अशी आहे. प्रकाश यांपैकी कशातच बसत नाही. ध्वनीला मात्र १९८७ च्या दुरुस्तीने वायू प्रदूषण कायद्याच्या व्याख्येत स्थान मिळाले आणि २००० मध्ये ध्वनी प्रदूषणाचे स्वतंत्र नियम आले. परिणामी नवरात्रात बोरिवली किंवा घाटकोपरच्या मैदानावर ध्वनिक्षेपक ठरलेल्या वेळी बंद करावा लागतो. फ्लडलाइट चालू राहिला, तर त्याला अशी स्पष्ट आडकाठी नाही.

उरतो तो सार्वजनिक उपद्रवाचा मार्ग. भारतीय न्याय संहितेचे कलम २७० (पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २६८) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ यांचा आधार घेता येतो, पण उपद्रव सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर पडतो. भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय प्रकाश संहिता (२०१०) मार्गदर्शक स्वरूपाची आहे. विमानतळाच्या परिसरात लेझर किरणांवर बंदी घालणारे आदेश मुंबई पोलीस वेळोवेळी काढतात, त्यामागे वैमानिकांच्या डोळ्यांची काळजी असते.

झाडांच्या बाबतीत थोडी प्रगती झाली आहे. शहर सुशोभीकरणाच्या नावाखाली मुंबई व परिसरात झाडांच्या बुंध्यांना आणि फांद्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या गेल्या होत्या. याविरुद्धच्या जनहित याचिकेवर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने राज्य शासन व संबंधित महापालिकांना नोटिसा बजावल्या आणि त्यानंतर मुंबई महापालिकेने झाडांवरील रोषणाई उतरवण्याच्या सूचना दिल्या.

जलाशयाकाठची दुसरी घरे

मुंबई उपनगरांतील मध्यमवर्गीयांसाठी जलाशयाकाठचा बंगला ही गेल्या काही दशकांतील परिचित आकांक्षा आहे. पवना, मुळशी, वैतरणा हे जलाशय मूळचे तलाव नसून धरणांचे फुगवटे आहेत. मुळशीच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनींसाठी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याचा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे. या जलाशयांच्या काठी आता बंगल्यांबरोबर तंबूंच्या छावण्याही दिसतात.

पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ हे पाणथळ जागेच्या सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकामास मनाई करतात. परंतु पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय या नियमांतील व्याख्येतून वगळलेले आहेत. बंगल्यांच्या गर्दीचे अनेक जलाशय याच प्रकारात मोडतात. तेथे जलसंपदा विभाग, वीज कंपनी किंवा अभयारण्याचे स्वतंत्र निर्बंध असतात, पण घराच्या ओसरीवर कोणता दिवा लावावा हे त्यांपैकी कोणी सांगत नाही. ती जबाबदारी सर्वस्वी मालकाची राहते.

या बंगल्यांचे एक वैशिष्ट्य असे की ते आठवड्याचे बहुतेक दिवस रिकामे असतात. चोरीच्या भीतीने आवारातले दिवे रात्रभर चालू ठेवले जातात. रिकाम्या घरातला अखंड दिवा मालकाची अनुपस्थितीच जाहीर करतो. हालचाल टिपून पेटणारा दिवा शेजाऱ्याचे वा रखवालदाराचे लक्ष अधिक वेधतो. अशा दिव्याला दोन-तीन मिनिटांची मर्यादा घालता येते.

पाण्याकडे तोंड असलेला दिवा हा बंगल्यातील सर्वाधिक हानिकारक दिवा होय. धक्क्यावर, काठाच्या पायऱ्यांवर किंवा बागेतल्या झाडांवर खालून सोडलेला झोत केवळ शोभेचा असतो, आणि तो समोरच्या काठावरच्या गावालाही रात्रभर सोसावा लागतो. पायऱ्यांसाठी गुडघ्याइतक्या उंचीचे, फक्त पायरीवर प्रकाश टाकणारे दिवे पुरतात. ओसरीच्या दिव्यावर पत्र्याचे किंवा मातीचे झाकण असावे व बल्ब बाजूने दिसू नये. पोहण्याच्या तलावातील निळे दिवे वापर संपताच बंद करावेत. मोठ्या काचेच्या दारांना रात्री पडदे ओढणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बल्ब निवडताना खोक्यावर छापलेला रंगतापमानाचा आकडा पाहावा. ६,५०० केल्विनचा 'कूल डे लाइट' घराबाहेर टाळावा. २,२०० ते २,७०० केल्विनचा पिवळसर बल्ब योग्य, आणि कमाल मर्यादा ३,००० केल्विन. अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही २०१६ मध्ये बाह्य दिव्यांसाठी हीच कमाल मर्यादा सुचवली होती. यात मालकाचा तात्काळ लाभही आहे. जूनमध्ये पहिल्या सरींनंतर वाळवीची पाखरे पांढऱ्या दिव्यावर झुंडीने येतात आणि जेवणाच्या ताटात पडतात. पिवळसर, मंद दिव्याभोवती त्यांची गर्दी कमी होते.

मे–जूनमधील काजव्यांच्या दिवसांत भंडारदरा व राजमाची परिसरात पर्यटकांची मोठी गर्दी होते. काजवे पाहायला आलेल्या वाहनांचे हेडलाइट आणि मोबाइलच्या विजेऱ्या काजव्यांनाच दिपवतात. त्या आठवड्यांत बाहेरचे सर्व दिवे बंद ठेवणारा बंगला पाहुण्यांना अंगणातच काजवे दाखवू शकतो.

गृहनिर्माण संस्थांमधील बदल

वरील बहुतेक उपाय उपनगरांतील सोसायट्यांनाही लागू पडतात, फरक एवढाच की तेथे निर्णय व्यवस्थापकीय समितीला घ्यावा लागतो. गोळ्यांचे दिवे बदलून खाली तोंडाचे दिवे बसवणे, दर्शनी रोषणाईला वेळेची मर्यादा घालणे आणि उद्यान किंवा तलावाच्या बाजूच्या गच्चीवरील झोत उतरवणे, या ठरावांना वीजबिलातील बचतीचा आधार मिळतो. जिन्यांत व वाहनतळात मात्र पुरेसा प्रकाश हवाच; तेथे काटकसर करणे धोक्याचे आहे.

पेंचचा अनुभव

महाराष्ट्रात जाणीवपूर्वक अंधार राखण्याचे ठळक उदाहरण नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाचे आहे. जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने (स्थापना १९८८) त्याला 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता दिली. असा दर्जा मिळालेले ते भारतातील पहिले आणि आशियातील पाचवे ठिकाण ठरले. यासाठी वाघोरा, सिल्लारी, पिपरिया व खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे खाली तोंडाच्या दिव्यांनी बदलण्यात आले. गावे अंधारात टाकली गेली नाहीत. दिवे राहिले, त्यांची दिशा बदलली. लडाखमधील हानले येथील राखीव क्षेत्र २०२२ मध्ये अधिसूचित झाले असले, तरी ते वेधशाळेच्या परिसरातील विरळ वस्तीचे पठार आहे. पेंचची गावे उपनगरांच्या परिस्थितीला अधिक जवळची आहेत.

आकाशनिरीक्षण

आकाशाच्या उजळतेचे वर्गीकरण करण्यासाठी जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली नऊ पायऱ्यांची श्रेणी वापरली जाते. पहिल्या पायरीवर निसर्गतः काळेभोर आकाश आणि नवव्या पायरीवर महानगराच्या मध्यभागातील आकाश असते. मुंबई उपनगरांचा बहुतांश भाग शेवटच्या दोन पायऱ्यांवर येतो, आणि तेथून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. विवाहविधीत वधूवरांना ध्रुव व अरुंधती दाखवण्याची प्रथा आहे. ध्रुवतारा दुसऱ्या प्रतीचा असल्याने तो स्वच्छ रात्री सापडू शकतो; सप्तर्षींतील वसिष्ठाशेजारची अरुंधती चौथ्या प्रतीची असल्याने उपनगरातील मंगल कार्यालयाच्या गच्चीवरून ती बहुधा केवळ दिशेनेच दाखवली जाते.

खगोल मंडळ या मुंबईतील हौशी अभ्यासकांच्या संस्थेचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम मध्य रेल्वेवरील वांगणी येथे होत आले आहेत. बदलापूर–कर्जत पट्ट्यातील वस्ती वाढत गेल्याने त्या दिशेचे क्षितिजही पूर्वीइतके काळे राहिलेले नाही. घरबसल्या नोंद करू इच्छिणाऱ्यांसाठी 'ग्लोब ॲट नाइट' हा आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे. त्यात अमावास्येच्या आसपासच्या रात्री एखाद्या ठरावीक तारकासमूहातील दिसणारे तारे नकाशाशी ताडून पाहायचे असतात. मुंबईत यासाठी जानेवारी ते मार्च हे महिने सोयीचे आहेत, कारण तेव्हा आकाश निरभ्र असते आणि मृग नक्षत्र संध्याकाळनंतर डोक्यावर येते.